लेकराची अमानत आणि न्यायालयाचा तराजू



इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’ या हदीससंग्रहात एक प्रसंग नोंदलेला आहे. हजरत उमर (रजि.) यांचा एका अन्सारी स्त्रीशी विवाह झाला होता. तिच्यापासून त्यांना आसिम नावाचा मुलगा झाला आणि पुढे पती-पत्नी विभक्त झाले. एके दिवशी उमर (रजि.) कुबा येथे आले असता आसिम मशिदीच्या अंगणात खेळताना त्यांना दिसला. बापाचे काळीज ते! त्यांनी मुलाचा दंड धरला, त्याला उचलले आणि वाहनावर आपल्यापुढे बसवले. तेवढ्यात मुलाची आजी तेथे पोहोचली आणि त्याला आपल्याकडे ओढू लागली. अखेर वाद खलीफा अबू बक्र (रजि.) यांच्यासमोर गेला. मुलगा आपला आहे, असे उमर (रजि.) यांनी सांगितले, त्या स्त्रीनेही तेच सांगितले. मुलाला तिच्याकडेच राहू द्यावे, असा निर्णय अबू बक्र (रजि.) यांनी दिला. उमर (रजि.) यांनी त्यावर उलट एक शब्दही उच्चारला नाही.

उमर (रजि.) यांच्यासारख्या पित्यापासून लेकराला काही धोका होता, असे कोणी मनातही आणणार नाही. तरीसुद्धा त्यांचे थोरपण आणि त्यांचे पितृत्व एवढ्यावर निकाल झाला नाही. लहान वयात मूल कोणाच्या कुशीत वाढावे, हा प्रश्न वेगळा मानला गेला. आणि निकाल विरुद्ध गेल्यावर ते गप्प राहिले, ही गोष्ट मला निकालाइतकीच महत्त्वाची वाटते.

आज आपल्या शहरांत शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर हाच प्रसंग घडतो. फरक इतकाच की, पुढे गप्प कोणी राहत नाही. वडील मुलाला मोटारसायकलवर बसवून आपल्या गावी नेतात किंवा आई रातोरात लेकरू घेऊन माहेर गाठते आणि मग दोन्ही घराण्यांचे वकील कामाला लागतात. मूल आपल्या हाती आले म्हणजे खटलाही आपल्या गावी चालेल, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार मूल सर्वसाधारणपणे जेथे राहते, तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. चार दिवसांसाठी पळवून नेलेले गाव त्याचे राहते ठिकाण ठरत नाही. उलट, मुलाला असे उचलून नेणे हीच त्या पालकाविरुद्ध पहिली नोंद होऊ शकते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की, हा मामला शरीअतचा आहे, कौटुंबिक न्यायालयाचा त्यात काय संबंध? १९३७ च्या शरीअत अधिनियमात पालकत्वाचा विषय स्पष्टपणे समाविष्ट आहे, ही गोष्ट खरी. १८९० च्या अधिनियमाचे सतरावे कलमही मुलाला लागू असलेल्या कायद्याशी सुसंगत राहूनच निर्णय करण्यास सांगते. पण त्याच वाक्यात मुलाचे कल्याण कशात आहे हे शोधण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकलेली आहे. दारुल-कजामध्ये जाऊन समेट करणे उत्तमच. मात्र तेथील निर्णयाला कायद्याचे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. समेट झाला नाही तर शेवटी कौटुंबिक न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. मग ते न्यायालय लेकराच्या बाबतीत काय पाहते आणि आपल्या फुकहांनी काय पाहिले होते, हे दोन्ही समजून घ्यायला हवे.

प्रथम फिक्हकडे पाहू. लहान मुलाच्या संगोपनाला ‘हिजानत’ म्हणतात आणि तो अधिकार प्रथम मातेचा आहे. हनफी मतानुसार मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हा अधिकार मातेकडे राहतो. रत्नागिरी-रायगडकडचे आपले कोकणी बांधव शाफई आहेत. त्यांच्या मसलकनुसार मूल समजू लागले, म्हणजे सातएक वर्षांचे झाले की, त्यालाच आई किंवा वडील यांपैकी एकाची निवड करू दिली जाते. ही वयोमर्यादा आपल्या सर्वांना तोंडपाठ असते. मात्र तिच्या आधी येणारी अट आपण विसरतो. ज्याच्या हाती मूल द्यायचे, तो सुज्ञ, समर्थ आणि विश्वासू असला पाहिजे. ज्याच्याकडे मुलाचा जीव, देह वा चारित्र्य धोक्यात येईल, त्याचा हिजानतचा अधिकार संपतो. आणि धोका म्हणजे काय, याबाबतही फुकहा फार काटेकोर होते. अल्लामा इब्ने आबिदीन शामी (रह.) यांनी लिहून ठेवले आहे की, मातेचा प्रत्येक दोष तिचा अधिकार हिरावत नाही, ज्या दोषामुळे मुलाची आबाळ होते, तोच दोष विचारात घ्यावा. सावत्र पिता मायाळू आणि रक्ताचा नातलग मात्र मुलाच्या मालमत्तेवर डोळा ठेवणारा, अशीही परिस्थिती असू शकते. तेव्हा मुफ्तीने डोळसपणे मुलाचे हित पाहावे, असे ते सांगतात.

आता न्यायालयाकडे वळू या. सतराव्या कलमात मुलाचे वय, लिंग आणि धर्म, पालकाचे चारित्र्य व कुवत, नात्याची जवळीक आणि मुलाशी त्याचे आजवरचे संबंध कसे होते, या गोष्टी विचारात घ्यायला सांगितल्या आहेत. ‘आजवरचे संबंध’ या दोन शब्दांत पुष्कळ काही सामावले आहे. तापात रात्रभर कोण जागले, शाळेच्या पालकसभेला कोण गेले, मूल कोणाच्या आवाजाने दचकते, हे सारे त्यात येते.

न्यायाधीशाला गैबचे ज्ञान नसते. त्याच्यासमोर दोन अनोळखी माणसे उभी असतात, दोघेही शपथेवर परस्परविरोधी बोलतात आणि ज्याच्याविषयी बोलायचे ते मूल बाहेर बाकावर बसलेले असते. म्हणून १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने त्याच्या हाती काही साधने दिली आहेत. समुपदेशक दोघांशी आणि मुलाशी बोलतात. वैद्यकीय किंवा समाजकल्याण क्षेत्रातील तज्ज्ञांची मदत घेता येते. सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. आणि वाद सोडवण्यास उपयोगी पडेल असा अहवाल वा कागद, एरवीच्या पुरावा कायद्यात बसत नसला तरी, न्यायालय वाचू शकते. दवाखान्याची चिठ्ठी, शाळेच्या बाईंचा शेरा, पोलीस ठाण्यातील नोंद, मध्यरात्री पाठवलेले धमकीचे संदेश, असे सारे तराजूत पडते.

धोका तोलताना न्यायालय साधारणपणे असा विचार करते : मारहाण एकदा झाली की पुन्हा पुन्हा? अलीकडची की जुनी? मुलाला मार बसला, की आईला बसलेला मार त्याने पाहिला? (आईला त्याच्यासमोर मारणे म्हणजे मुलालाच मारणे होय, हे समजायला मानसशास्त्राच्या पदवीची गरज नाही.) व्यसन आहे काय आणि असल्यास उपचार चालू आहेत काय? मूल परदेशी नेऊन परत न आणण्याची शक्यता आहे काय? आखाती देशांत नोकरी करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नसतो, म्हणूनच पारपत्र जमा करण्याचे आदेश दिले जातात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. ताब्याच्या अर्जात प्रश्न शिक्षेचा नसून उद्याच्या रात्री मूल कोठे झोपेल याचा असतो. म्हणून तेथे अधिक संभवनीय काय, हे पाहिले जाते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले होते. आई मरण पावली होती, तिच्या हुंडाबळीचा आरोप पित्यावर होता आणि मूल आईच्या आईवडिलांकडे राहत होते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ताबा पित्याकडे दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही म्हणून तो नजरेआड करता येणार नाही, मुलाच्या हिताचा विचार करताना तो लक्षात घ्यावाच लागेल, असे सांगून, मुलाची स्वतःची इच्छा पाहून त्याला आजी-आजोबांकडे ठेवले. २०१० मधील एका मुस्लिम कुटुंबाच्या प्रकरणातही आई वारली होती, वडिलांनी दुसरा निकाह केला होता आणि मुले आजोळी होती. तेथे पालकत्वाचा हक्क आणि प्रत्यक्ष ताबा या दोन वेगळ्या बाबी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तात्पुरता ताबा आजोळकडे कायम ठेवला आणि वडिलांची भेट चालू राहिली.

काहींना वाटते की, धोका दिसला म्हणजे एका पालकाचे नाव कायमचे पुसले जाते. तसे क्वचितच होते. बहुतेक वेळा न्यायालय मधला मार्ग शोधते. सुरुवातीला न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकांच्या नजरेसमोर तासाभराची भेट, ती नीट पार पडली तर पुढे रविवारचा दिवस, मग मुक्काम, मग सुट्टीचे अर्धे दिवस. पुन्हा गोंधळ झाला तर एक पायरी मागे. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. मात्र जेथे भेटच मुलाला घातक ठरेल असे दिसते, तेथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे एकविसावे कलम दंडाधिकाऱ्याला भेट नाकारण्याचा आदेशच देते. ‘बाप आहे, भेटला तर काय बिघडले?’ हे वाक्य तेथे चालत नाही.

बंधू-भगिनींनो, एवढी सारी साधने असूनही तराजूत शेवटी तेच पडते, जे आपण त्यात टाकतो. माझ्या मते आपल्या समाजाची खरी परीक्षा येथेच आहे.

समजा, एक मुलगी सहा वर्षांची लेक घेऊन माहेरी आली आहे. नवरा पितो, मारतो, एकदा त्याने लेकीलाही भिंतीवर ढकलले आहे. तिचे वडील, मामा, मोहल्ल्यातील दोन बुजुर्ग बसतात. अर्जात मारहाणीचे लिहू नये असे ठरते, कारण धाकटीचे लग्न जमायचे आहे, कारण तलाकनंतर तोंडे दाखवायची आहेत, कारण घरातली गोष्ट चव्हाट्यावर नको. अर्जात एवढेच लिहिले जाते की, स्वभाव जुळत नाहीत. न्यायाधीश कागद वाचतात. स्वभाव न जुळणाऱ्या पित्याला ते आठवड्याला एक मुक्काम देतात, देणारच. आणि त्या रात्री ती लेक त्या घरात एकटी असते. अब्रू वाचली, असे त्या बैठकीतील कोणाला वाटत असेल, तर त्याने सूरह अन-निसाची १३५ वी आयत पुन्हा वाचावी. अल्लाहने तेथे न्यायासाठी खंबीरपणे उभे राहण्याचा आणि साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी ती देण्याचा आदेश दिला आहे. धाकटीच्या लग्नाची सवलत त्या आयतीत नाही.

आता दुसरी बाजू. ती बोलायला अधिक अवघड आहे, कारण तिचा गैरवापर करणारे पुष्कळ आहेत. खरी तक्रार करणाऱ्या स्त्रीला खोटी ठरवण्यासाठी हा मजकूर कोणी वापरणार असेल, तर त्याने येथेच वाचन थांबवावे. पण हेही खरे आहे की, ताबा मिळवण्यासाठी धोका रचलाही जातो. अर्ज लिहिताना कोणीतरी सुचवते की, आणखी एक परिच्छेद घालू, वजन येईल. पत्नीच्या अर्जात पित्याने मुलीला वाईट हेतूने हात लावल्याचे वाक्य येते, जे तिने कधी पाहिलेले नसते आणि मुलीने कधी सांगितलेले नसते. पतीच्या अर्जात पत्नीचे परपुरुषाशी संबंध असल्याचे वाक्य येते, कारण चारित्र्यावर शिंतोडा उडाला की ताबा सोपा होईल असे त्याला वाटते. नमाजी माणसे अशा कागदावर सही करतात! शरीअतमध्ये या दुसऱ्या वाक्याला कज्फ म्हणतात. सूरह अन-नूरमध्ये शीलवती स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्यासाठी ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे आणि त्याची साक्ष कधीही स्वीकारू नये असे म्हटले आहे. पत्नीवर आळ घेणाऱ्या पतीजवळ साक्षीदार नसतील, तर त्याला लिआनच्या शपथा घ्याव्या लागतात आणि पाचव्या शपथेत आपण खोटे असल्यास अल्लाहचा धिक्कार स्वतःवर ओढवून घ्यावा लागतो. पहिल्या वाक्याबद्दल देशाचा कायदाही स्वस्थ बसत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात कोणाची बदनामी करण्याच्या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा आहे. पण शिक्षेहून मोठे नुकसान वेगळेच आहे. त्या आरोपाची तपासणी करण्यासाठी अजाण मुलीला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले जातात आणि जे घडलेच नाही त्याचे चित्र तिच्या मनात कायमचे उमटते. शिवाय अशा प्रत्येक खोट्या अर्जामुळे पुढच्या खऱ्या अर्जाकडे संशयाने पाहिले जाते. स्वभाव जुळत नाहीत एवढेच लिहून आलेल्या त्या मातेला उद्या धीर करून खरे सांगावेसे वाटले, तर तिचे कोण ऐकणार?

मुलाच्या इच्छेबद्दलही दोन शब्द. मूल समजूतदारपणे आपली पसंती सांगण्याच्या वयाचे असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते, असे १८९० चा कायदा म्हणतो. न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून, आईवडिलांना बाहेर ठेवून, त्याच्याशी गप्पा मारतात. शाळा, मित्र, क्रिकेट, मग हळूच घर. पण पसंती म्हणजे निकाल नव्हे. इब्ने कय्यिम (रह.) यांनी आपले गुरू इब्ने तैमिया (रह.) यांच्याकडून ऐकलेली एक हकीकत लिहून ठेवली आहे. एका काजीसमोर आईवडील मुलासाठी भांडत आले. काजीने मुलाला निवड करायला सांगितली, त्याने वडिलांना निवडले. आईने विनंती केली की, त्याला कारण तर विचारा. मुलगा म्हणाला की, आई रोज मकतबला पाठवते आणि तेथे गुरुजी मारतात. अब्बा मात्र मुलांबरोबर खेळायला सोडतात. काजीने मूल आईकडे दिले.

आपल्याकडील मुलांना तर काय बोलायचे ते घरूनच पढवून पाठवले जाते. समुपदेशकांना ते ओळखू येते. आठ वर्षांचे मूल वकिलाच्या भाषेत बोलू लागले की कोणालाही ओळखू येईल. दुसऱ्या पालकाविषयी मुलाचे मन कलुषित करणे हीदेखील मुलाची हानीच आहे, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात घेतली आहे. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत लेकराच्या कारणाने मातेला त्रास दिला जाऊ नये आणि पित्यालाही दिला जाऊ नये, असे बजावले आहे. दूध तोडण्यासारखी बाबसुद्धा दोघांच्या संमतीने आणि सल्लामसलतीने ठरवण्यास ती आयत सांगते. जेथे धोका खरा नाही, केवळ राग आहे, तेथे कौटुंबिक न्यायालयही आधी समेटाचाच प्रयत्न करते. तो कायद्याने त्याच्यावर सोपवलेला आहे. समुपदेशकाच्या खोलीत अशा वेळी आडमुठेपणा करणाऱ्याने बुखारी व मुस्लिममधील हजरत सुलैमान (अलै.) यांच्यासमोर आलेल्या दोन स्त्रियांची हदीस आठवावी. मुलाचे दोन तुकडे करण्यासाठी सुरी मागवली गेली, तेव्हा खऱ्या आईने आपला हक्कच सोडून दिला. मूल दुसरीचे आहे, असे ती म्हणाली. ते बोलताना मूल आपल्यालाच मिळणार आहे हे तिला ठाऊक नव्हते.

शेवटी आजी-आजोबा, काका, मामा, शेजारी आणि मशिदीचे विश्वस्त यांच्यासाठी. या खटल्यांत तुम्हालाही साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते बहुधा इंग्रजीत असते, वकिलाच्या कचेरीत घाईघाईने छापलेले असते आणि तुमच्यापुढे फक्त शेवटचे पान सहीसाठी सरकवले जाते. तेथे थांबा. पूर्ण कागद मराठीत किंवा उर्दूत समजावून मागा, एकेक परिच्छेद. जे डोळ्यांनी पाहिले तेवढे राहू द्या. जे ऐकीव आहे, ते कोणाकडून ऐकले तेही लिहायला लावा. जे पाहिलेही नाही आणि ऐकलेही नाही, त्यावर स्वतःच्या हाताने रेघ मारायला सांगा. आणि जे पाहिले होते, पण कोणाच्या भिडेखातर कागदावर आले नाही, ते सही करण्यापूर्वी लिहवून घ्या.